पाच घरचं तूप

मालू,

काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे गेले, सतरंज्या झटकून झाल्या, आणि तुझी वहिनी भांडी फळीवर लावता लावता एक वाक्य इतक्या सहज बोलून गेली की हातातला तांब्या कुठं ठेवायचा हेच मला सुचेना. ते वाक्य पुढं सांगतो. आधी माझं ऐक. आठ वर्षं मी एक गोष्ट पोटात ठेवली. तू होतीस तोवर तोंड उघडलं नाही, आणि आता ऐकायला तू नाहीस तर बोलायला बसलो आहे. तुझा थोरला भाऊ हा एवढाच शूर आहे.

काल सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. "अल्लीपूरची पोरगी समुद्रापर्यंत गेलती," असं शाळेतले गुरुजी चारचौघांत म्हणाले. तिथं ती काय करायची असं कोणीतरी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, सरकारी प्रयोगशाळेत होती, पाण्यातलं मीठ मोजायची. खरंच होतं ते. शेवटची काही वर्षं तू मीठच मोजत होतीस. तुला तिथं कोणी बसवलं, हे मात्र मी सांगितलं नाही.

तू रसायनशास्त्र घेऊन शिकलीस आणि मी शेतकी खात्यात चिकटलो. तू हिंगणघाटहून गाडीत बसून पार आंध्रात, गोदावरी समुद्राला मिळते तिकडं गेलीस. मी सायकलवर अल्लीपूर, सिंदी आणि मधली गावं पालथी घालत राहिलो. ते दिवस काय होते तुला आठवतं. खात्याकडं कपाशीवरची कीड मारायची पावडर यायची, औषधाचे डबे यायचे, आणि आम्ही बांधावर उभं राहून लोकांना फवारणी शिकवायचो. कोणी बिचकला तर मी सरळ बाही वर करून पिंपात कालवलेल्या औषधात कोपरापर्यंत हात घालायचो आणि कास्तकाराच्या तोंडापुढं नाचवायचो. "पाहा, काही होते काय मले?" लोक हसायचे. मला ते फार आवडायचं. गावात मला साहेब म्हणणारे लोक त्या हातामुळं म्हणायचे, पगारामुळं नाही.

आणि रिकामा डबा. तो कोणाला द्यायचा हे माझ्या हातात असे. वरचं तोंड कापून, कडा ठोकून, तारेची कडी लावली की घरात दहा वर्षं टिकणारं भांडं तयार. राखेनं घासा, उन्हात वाळवा, झालं, असं मी स्वतः सांगायचो. बायका डब्यासाठी नंबर लावायच्या. आपल्या घरातही एक होता, हिरव्या रंगाचा. वहिनी त्यात तूप ठेवायची.

तुझं डॉल्फिनचं पहिलं पत्र आलं ते मी जेवताना वाचलं आणि ताट बाजूला सारलं. कोळ्यांच्या जाळ्यात अडकून मेलेली एक मादी किनाऱ्यावर आणली होती आणि तिच्या कातडीखालच्या चरबीचा तुकडा कापायचं काम तुझ्याकडं आलं होतं. चाकू चालवताना तिच्या आचळातून दूध आलं, असं तू लिहिलं होतंस. इतकं दाट, की बोटाला चिकटून राहिलं. तिचं पिल्लू कोळ्यांना दुसऱ्या दिवशी सापडलं. मासा नव्हे, दादा, श्वास घ्यायला वर यावं लागतं त्यांना, आई नव्या बाळाला पाठीवर उचलून पाण्याबाहेर धरते, असंही होतं त्यात. शेवटी एकच ओळ: चरबीत काय निघालं ते भेटल्यावर सांगते, तुला राग येईल.

मला राग आलाच. तू दिवाळीला आलीस, आपण दोघं अंगणात बसलो होतो. तू पऱ्हाटीची, वाळल्या कपाशीची एक काडी मोडून घेतलीस आणि मातीत रेघ ओढायला लागलीस.

"हा आपला नाला. हा वर्धा नदीत जाते. वर्धा वैनगंगेले भेटते, मंग प्राणहिता, मंग गोदावरी. अन् हा माहा समुद्र. आता सांग, तुही पावडर पावसात वाहून कुठं जाते?"

"अवं, तितक्या पान्यात ते काय शिल्लक राहीन? नखभर नाई राह्यत."

"पान्यात नाईच राह्यत ना. ते पान्यात विरघळत नाई, दादा. त्याले चरबी पाह्यजे. बारीक जीव खाते, त्याले मासोळी खाते, मासोळीले डॉल्फिन खाते. चरबीत जमा होऊन राह्यते. तिथून निघत नाई."

मग तू ती दुसरी गोष्ट सांगितलीस, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. नराच्या चरबीत ते वर्षागणिक वाढत जातं, पण पिल्लं झालेल्या मादीत कमी निघतं. मी लगेच म्हणालो, बघ, निघून जातं म्हणजे. तू काडी खाली ठेवलीस.

"जाते ना. दुधातून जाते. अन् पहिल्या पिल्लाले सगळ्यात जास्त भेटते. आईनं जन्मभर जमवलेलं सगळं त्याच्याच वाट्याले."

वहिनी तेव्हा दारात बसून दहा-अकरा वर्षांच्या सुनंदाची वेणी घालत होती. आमची पहिली. तू एकदा तिकडं पाहिलंस. मी मात्र चिडलो. "बोंडअळीनं कपाशी खाल्ली तर तुहे डॉल्फिन येनार हायेत काय वेचाले?" असं म्हणालो. तू खळखळून हसलीस. "येतीन, पण त्याईले पऱ्हाटीत पोहता आलं पाह्यजे." आपलं भांडण तिथंच अर्धवट राहिलं. खरं सांगू, बोंडअळीचं उत्तर तू मला कधीच दिलं नाहीस, आणि त्या बाबतीत मी अजूनही हटलेलो नाही. अळी खरी होती, रिकामी बोंडं घेऊन माझ्यापुढं उभी राहणारी माणसंही खरी होती. पण माझं खरं होतं म्हणून तुझं खोटं ठरत नव्हतं, एवढं कळायला मला तुझी तेरवी लागली.

त्यानंतर तुझी लाकडी पेटी आली. भुशात बसवलेल्या पाच काचेच्या बाटल्या, झाकणाखाली चांदीसारखा कागद, आणि चिठ्ठी. पावडर जिथं पडते तिथल्या चरबीत किती आणि नदी जिथं संपते तिथल्या चरबीत किती, हे तुला शेजारी शेजारी ठेवून दाखवायचं होतं. डॉल्फिनची चरबी तुझ्याकडं होती. अल्लीपूरचं तूप मी पाठवायचं होतं. चार घरं फवारणारी, एक न फवारणारं. तूप थेट बाटलीत घे, असं तू दोनदा लिहून खाली रेघ मारली होतीस.

वैशाख होता. आपल्याकडं वैशाखात तूप पाण्यासारखं पातळ होतं, ओतायला सोपं. पण रस्त्यांचे खाचखळगे तुला माहीत आहेत. काचेच्या बाटल्या सायकलला लावून नेल्या असत्या तर घरी काच तरी आली असती की नाही कोण जाणे. मी विचार केला, तूप ते तूप. आपल्या घरातला हिरवा डबा घेतला, वहिनीकडून राखेनं लख्ख घासून घेतला, कडी हँडलला अडकवली आणि निघालो. एका घरून तूप घ्यायचं, घरी येऊन बाटलीत ओतायचं, डबा फडक्यानं पुसायचा, पुढच्या घरी जायचं. शेवटचं घर कौसाबाईचं. तिला शेत नाही, दारात एक गाय, ती धुऱ्यावर, बांधावर चरणारी. तिनं पावाभर तूप फुकट दिलं. मला लाज वाटली म्हणून मी तिला खात्यातला एक रिकामा डबा आणून दिला. ती किती खूश झाली होती. "साहेब, माह्या घरात पहिलाच डबा हाये हा." मी पुण्य केल्यासारखा परत आलो.

दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं, त्यातली अक्षरं धावत होती. पाचही बाटल्यांत अफाट निघालं होतं. कौसाबाईच्या तुपात सुद्धा! जिच्याकडं शेत नाही, फवारा नाही, तिच्या गाईच्या तुपात! चाऱ्यातून, वाऱ्यातून, कशातूनही पोचतंय हे, दादा, असं तू लिहिलं होतंस. तुझ्या साहेबांना तू डॉल्फिन आणि तूप एकत्र दाखवलं होतंस. तुझ्या नावानं पहिल्यांदा काही छापून येणार होतं.

मालू, ते पत्र मी दोनदा वाचलं. त्याला चरबी पाहिजे, असं तू मातीत रेघा ओढत मला शिकवलं होतंस. राखेनं आणि पाण्यानं ते डब्याच्या सांध्यांतून निघणार नव्हतं, आणि गरम पातळ तुपानं दर खेपेला थोडं थोडं निघणार होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन हिरवा डबा हातात घेतला, नाकाशी धरला. इतकी वर्षं घासूनही, तळाशी, अगदी हलका, पिंपासारखा वास येत होता.

त्याच आठवड्यात तुझं दुसरं पत्र आलं. साहेबांना शंका आली होती. "दादा, एकच विचारते. घरोघरी थेट माझ्या बाटल्यांत घेतलंस ना? मधे दुसरं भांडं नव्हतं ना? तुझं उत्तर मी साहेबांना दाखवणार आहे. माझा भाऊ शेतकी खात्यात आहे, तो चुकणार नाही, असं मी सांगून बसले आहे."

मी काय लिहायला हवं होतं ते मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. दोन ओळींचं काम होतं. पण डब्यातून आणलं असं लिहिलं असतं तर घासलेला डबा स्वच्छ नसतो हेही लिहावं लागलं असतं. मग मी घरोघरी वाटलेल्या डब्यांचं काय? त्यात तूप, त्यात तेल, त्यात लेकरांचं दूध. सगळ्या गावात मी साहेब होतो. आणि तुझ्यापुढं तर मी दादा होतो, जो चुकणार नव्हता. मी आंतरदेशीय पत्र घेतलं, आणि कचेरीत लिहितो तशा भाषेत लिहिलं: "तूप थेट बाटल्यांतच घेतले. शंका नसावी."

पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या साहेबांनी नागपूरला येणाऱ्या एका माणसाकडून पुन्हा तूप मागवलं, त्यानं ते कढवताच भांड्यातून स्वतः काचेत घेतलं. चार घरांत निघालं, पण तुझ्या आकड्यांच्या जवळपासही नाही. कौसाबाईच्या तुपात जवळजवळ काहीच नाही. जिला तूप मोजता येत नाही तिनं डॉल्फिन काय मोजले असतील, असं म्हणून त्यांनी तुझी सगळी वही बंद केली. डॉल्फिनचं तुझं एकही माप चुकलं नव्हतं. त्या मादीचं दूध, पहिलं पिल्लू, सगळं खरं होतं. माझ्या डब्यानं ते खोटं ठरवलं. तुला समुद्राच्या पाण्यातलं मीठ मोजायला बसवलं, आणि तू मला लिहिलंस की माझ्याच हातून मोजताना चूक झाली असावी, दादा, तुला उगाच उन्हात फिरवलं. मी त्यावर लिहिलं की असं होतं कधी कधी, मनाला लावून घेऊ नकोस. खोटं बोलून वर उदारपणाही केला मी.

मग तीन वर्षांनी तू उन्हाळ्यात आलीस. तीच तुझी शेवटची खेप ठरली. तू जरा वाळली होतीस. सुनंदाला घेऊन केळझरला गणपतीला जाऊन आलीस, गावातही बरीच फिरलीस. जायच्या दिवशी तू माझ्याकडं बराच वेळ पाहत उभी होतीस. मला वाटलं काही मागायचं असेल. तू म्हणालीस, "दादा, पिंपात हात नको घालत जाऊ गा आता." मी म्हणालो, "काऊन वं, काय झालं?" तू म्हणालीस, "काई नाई. माह्यासाठी." एवढंच. मी हसण्यावारी नेलं. मग पाच वर्षांनी, परवा परवा, तिकडं तुला ताप आला, आणि मी तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता काल वहिनी काय म्हणाली ते सांगतो. फळीवर स्टीलचा डबा ठेवता ठेवता म्हणाली, "मालूताई गेल्या, पन त्याईनं घेऊन देल्लेला डबा राह्यला. तो हिरवा त्या सोबत घेऊन गेलत्या."

मी विचारलं, कोणता हिरवा?

"अहो, तोच, ज्याच्यात तुमी तूप जमवलं होतं बाटल्यांसाठी. त्याईनं विचारलं, वहिनी, हा केव्हापासूनचा? म्या सांगतलं, ह्याच्यातच तर आनलं तुमच्या दादानं पाची घरचं तूप. त्याईनं डबा नाकाले लावून पाह्यला. मंग म्हने, दादाले सांगू नका मी विचारलं म्हनून. मले वाटलं तुमाले नंतर त्याईनंच सांगतलं असन."

तुला माहीत होतं. पाच वर्षं तुला माहीत होतं. तू तिथं जाऊन एक चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली असतीस तर तुझे डॉल्फिन परत आले असते. माझं नाव गेलं असतं, तुझं आलं असतं. तू ठेवली नाहीस.

आज सकाळी मी तुझी ट्रंक उघडली, तुझ्या खोलीवरून आणलेली. साड्या, बाटल्यांची ती रिकामी लाकडी पेटी, गोदावरीच्या मुखाचा एक नकाशा, डॉल्फिनची वही. आणि वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात माझं आंतरदेशीय पत्र. "शंका नसावी." त्याच्यावर तुमच्या कचेरीचा आवक शिक्का होता आणि कडेला फायलीची दोन भोकं. म्हणजे ते फायलीत लावलेलं होतं, आणि तू ते काढून आणलंस. कधीतरी कोणी चौकशी केली तर तुझ्या भावानं खोटं लिहून दिलं हे कोणाला दिसू नये म्हणून. मालू, मला फार लाज वाटते. तू रागावली असतीस, चार माणसांत माझी अब्रू काढली असतीस, तर मी आज सुखानं रडलो असतो.

दुपारी मी डबे परत मागायला निघालो. सुनंदा पहिलटकरीण आहे, पुढल्या महिन्यात बाळंतपणाला इकडंच येते, आणि वहिनीनं डिंकाच्या लाडवांसाठी चार घरी तूप सांगून ठेवलं आहे. चार घरी, त्याच माझ्या डब्यांतलं. मी दारोदार उभा राहिलो. बायका हसल्या. "साहेब, देल्लं ते वापस मांगता काय?" एकीनं डबा दिला नाही, तिचं खरंच आहे, दुसरं भांडं कुठून आणणार ती. मी सांगत होतो की त्यात विष आहे, आणि त्या माझ्या हाताकडं पाहत होत्या, जो मी त्यांच्याच नवऱ्यांच्या तोंडापुढं नाचवला होता. शेवटी कौसाबाईकडं गेलो. ती आता नीट पाहू शकत नाही. माझा आवाज ओळखून म्हणाली, "डबा? तो तर तुमच्या बहिनीनं कधीचाच नेला, साहेब. मले पितळेची बरनी देल्ली. म्हने, दादानंच पाठवली हाये."

मी तिच्या ओट्यावर बसूनच राहिलो. तिनं मला गूळ-पाणी दिलं. त्या बरणीचे आभारही मानले.

आता हे लिहितो आहे आणि समोर तुझी वही, त्यावर माझं ते पत्र. तुझ्या साहेबांना मराठी येत नाही. माझ्या कबुलीचं गुरुजींकडून इंग्रजी करून घ्यावं लागेल, म्हणजे गुरुजींना कळेल, आणि गुरुजींना कळलं की उद्या गावाला कळेल. कळू दे. डॉल्फिनची वही त्याच लाकडी पेटीत, भुशात घालून पाठवतो आहे. ते वाचतील की फेकतील मला माहीत नाही. सोबत माझं ते जुनं पत्रही ठेवतो आहे, शिक्क्यासकट, भोकांसकट, जिथून तू ते काढलंस तिथंच परत लागावं म्हणून. त्याच्या खाली जागा होती. तिथं मी आज लिहिलं आणि सही केली:

"तूप डब्यातून आणले होते. डबा औषधाचा होता. माझ्या बहिणीने बरोबर मोजले. शंका नसावी."